शेवाळे नावाचा राक्षस

आता कुठून सुरुवात करू? राक्षसापासूनच करतो, कारण सगळं त्याच्यामुळे झालं. आणि तो राक्षस मीच जन्माला घातलेला, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

दिवसा मी ठाण्यात एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. संध्याकाळी घरी येऊन गोष्टी लिहितो. मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी असतात ना, त्या. टोपणनाव बाईचं घेतलंय, आणि गोष्ट अशी की मिठागरावर अनंत नावाचा एक राखणदार आहे आणि त्याचं खाडीतल्या राक्षसावर प्रेम बसतं. राक्षस पुरुषच. अंगावर खवले, केसात शेवाळ, म्हणून अनंत त्याला लाडाने शेवाळ्या म्हणतो. त्यांच्या झोपडीत हळूहळू एकेक जण राहायला येतो. सगळ्यांनी हाकललेली एक हडळ येते, ती स्वयंपाक फार छान करते. दहावीला सारखा नापास होणारा एक मुंजा येतो. असं ते घर. मधूनमधून एखादा भाग असाही असतो की ज्याच्या सुरुवातीलाच मी सांगतो, कानात हेडफोन घाला आणि शेजारी सासूबाई नाहीत याची खात्री करा. त्याच भागांना श्रोते जास्त, हे काय मी वेगळं सांगायला हवं?

हे लिखाण मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. योगेशलासुद्धा नाही.

योगेश म्हणजे माझा... कसं आहे, बाळकुमला मी भाड्याने राहतो. घरमालकीण वत्सलामावशी, समोरच्याच फ्लॅटमध्ये. त्यांच्या सासऱ्यांच्या शेतावरच हा टॉवर उभा राहिलाय, त्यामुळे लिफ्टमध्ये त्या अशा उभ्या असतात की बाकीचे आपोआप कोपऱ्यात जातात. मला त्या पहिल्या आठवड्यापासून मासे खायला घालतायत. तर मावशींना मी सांगितलेलं की योगेश माझा मित्र आहे, कल्याणला पोहायला शिकवतो, मोहन्याला राहतो आणि शनिवार-रविवार आम्ही एका परीक्षेचा अभ्यास करतो. दोघंही पस्तिशीचे. तीन वर्षं अभ्यास चालू. मावशींनी एकदाही निकाल विचारला नाही, यावरूनच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण कवळ्या बनवणाऱ्या माणसाची अक्कलदाढ शाबूत असेलच असं नाही.

झालं असं की माझी गोष्ट अडली. शेवाळ्याला पहिल्यांदाच गावातल्या एका म्हातारीच्या दारात न्यायचं होतं. ती घाबरेल, की आत बोलावेल? काही सुचेना. म्हटलं, मावशींनाच विचारू. पण गोष्टीसाठी विचारतोय म्हटलं असतं तर त्यांनी गोष्ट ऐकायला मागितली असती, आणि नुकताच आलेला भाग नेमका हेडफोनवाला होता. म्हणून मी जगातली सर्वांत जुनी युक्ती केली. ओळखीतल्या एका माणसाचा प्रश्न आहे म्हणून सांगितलं.

मावशी कोलंबी सोलत बसलेल्या. मी म्हणालो, एक जण आहे, खाडीच्या बाजूला राहतो, एकटाच असतो. दिसायला जरा वेगळा आहे, म्हणून लोक त्याला दाराशी उभं करत नाहीत. वेगळा म्हणजे कसा, हे त्यांनी विचारलं. आता खवले आहेत असं कसं सांगणार? कातडी जरा खरखरीत आहे म्हणालो. त्यावर त्यांनी त्यांच्या भावाला लागू पडलेलं एक मलम सुचवलं. सुळे मोठे आहेत म्हणालो, तर म्हणाल्या, मग तू कशाला हायस, घास की जरा. मासे कच्चेच खातो म्हटल्यावर मात्र त्यांचा हात थांबला.

"नाव काय त्याचं?"

मी गडबडलो. "शेवाळे."

"कनचे शेवाळे? जुन्नरकडचे?"

मी म्हणालो, तिकडचे नसावेत. त्याला कुणीच नाही मावशी, आई नाही, बाप नाही, पण मनाने फार चांगला आहे. आणि इथे माझ्यातला लेखक जागा झाला हो. गोष्टीतला शेवाळ्या डोळ्यांसमोर आला, पावसात म्हातारीच्या ओट्यावर उभा. माझा आवाज भरून आला. मी म्हणालो, "मला त्याला घर द्यायचंय."

मावशींनी कोलंबीचं ताट बाजूला सरकवलं. "तुजा जीव हाय त्याच्यावर?"

यावर कुठलाही लेखक काय उत्तर देईल? मी प्रामाणिकपणे सांगितलं. "आहे. दोन वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी त्याच्यासोबतच असतो."

त्या हात पुसत उठून आत गेल्या. मला वाटलं, बाई हेलावल्या. त्यांचं ते तसं उठून जाणं मला इतकं आवडलं की घरी येऊन मी ते जसंच्या तसं गोष्टीत घातलं. बघा माझं कौतुक!

शनिवारी योगेशचा फोन आला की खाली पोचलोय. मी चहा ठेवला. चहा उकळला, आटला, काळा झाला, तरी योगेश नाही. लिफ्ट बंद पडली की काय म्हणून दार उघडलं, तर समोर मावशींच्या दाराबाहेर त्याच्या चपला. आत काय चाललंय ते कळेना. बऱ्याच वेळाने तो आला तेव्हा त्याच्या हाताला कोलंबीचा वास होता आणि तोंड एवढंसं झालेलं. मावशींनी त्याला आधी पोटभर जेवू घातलेलं आणि मग मन घट्ट करायला सांगितलेलं.

"कोण आहे हा शेवाळे?" तो म्हणाला.

मी हसलो. अशा वेळी हसायचं नसतं, हे मला आता माहीत आहे.

"अरे, तो राक्षस आहे," मी म्हणालो.

"मावशीपण तेच म्हणाल्या."

"तसा नाही रे. तो खरा नाहीये."

"म्हणजे टाइमपास आहे?"

मी जे जे बोलत होतो ते एकेक फावडं माती उकरत होतं, आणि खड्ड्यात मीच उभा. योगेशने शांतपणे हिशोब मांडला. रोज संध्याकाळी मी त्याचा फोन उचलत नाही. विचारलं की सांगतो, कवळ्यांचं काम घरी आणलंय. त्याला दोन वर्षं वाटायचं की ठाण्यातल्या लोकांचे दात फारच पडतायत. आता त्याला खरं काय ते कळलंय. एवढं बोलून त्याने बॅग उचलली. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो पोरांना खोल पाण्यात उतरवणारा माणूस, कधी आवाज चढवतच नाही. मी त्याच्या मागे धावलो. तो लिफ्टपाशी उभा, आणि मावशी त्यांच्या दारात. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की क्षणभर वाटलं, आज रात्री मला नवं घर शोधावं लागणार.

मी एकदम सगळं बोलून टाकलं, की मी गोष्टी लिहितो, शेवाळे गोष्टीत आहे, हवं तर ऐकवतो, पण दोघंही आत चला. मावशींच्या हॉलमध्ये आम्ही बसलो. मी घाईघाईने फोन काढला. झोपडीत हडळ राहायला येते तो साधा भाग लावायचा होता. लागला हेडफोनवाला.

गोष्ट वाचणाऱ्या कलाकाराचा आवाज घोगरा आहे, गुळात बुडवून काढल्यासारखा. त्या आवाजात आख्ख्या हॉलभर ऐकू आलं, की शेवाळ्या पाण्यातून वर आला, त्याच्या ओल्या खांद्यावर अनंतने ओठ टेकले, आणि मग त्याचे सुळे अलगद... मी फोनवर झडप घातली.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. "चांगला बोलतोय."

त्या लसूण सोलायला घेऊन बसल्या. मी जमिनीकडे बघत बसलो. पुढची वाक्यं मी तुम्हाला सांगत नाही, तेव्हाही मला ती सहन होत नव्हती. पण त्यानंतर शेवाळ्या झोपतो तो प्रसंग आला. तो कसा एका कुशीवर वळून शिट्टीसारखा घोरतो, ओला पंचा अंथरुणावरच टाकतो, झोपेत अनंतचा अंगठा मुठीत धरतो. मी चोरून बघितलं तर योगेश स्वतःच्या हाताकडे बघत होता.

भाग संपल्यावर त्याने विचारलं, "हा मी आहे?"

मी मान हलवली. मला वाटलं तो हसेल, पण तो म्हणाला, "गोष्टीत मला घर दिलंस. इथे तीन वर्षं परीक्षेला बसवलंयस."

मी मावशींकडे बघितलं. त्यांना काय वाटेल, त्या काय म्हणतील, याच भीतीने तर मी ती परीक्षा शोधून काढलेली. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

मावशींनी लसणाची टरफलं पदरातून झटकली. "मला पयल्या आठवड्यात समजलेलं. परीक्षेचा अभ्यास करनारी पोरं एवरी हसत नाय." मग त्यांनी योगेशकडे बोट केलं. "मी तुज्यावर रागावलेले ते दुसऱ्याच कारणाने. मला वाटलं, तू या पोराला सोडतोस. त्याला मी माज्या घरचा धरलाय. तो गेला आसता, तर मी शनवारी कोनासाठी रांधू?"

योगेश उठून गॅलरीत गेला. बराच वेळ तो तिथे कुंड्यांना पाणी घालत होता, आणि सकाळीच पाणी घातलेल्या त्या कुंड्या तुडुंब भरल्या तरी मावशींनी त्याला थांबवलं नाही.

पुढच्या महिन्यात तो सामान घेऊन आला. सोसायटीत कुणी विचारलं, तर मावशी आपणच सांगतात, माजी दोन पोरं हायत समोर. त्यांच्या आवाजात पुढचा प्रश्न विचारायची सोयच नसते.

गोष्टीचे सगळे भाग त्यांनी लागलीच ऐकून काढले. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून, हेडफोनशिवाय. परवा रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलेलो तेव्हा मी धीर करून विचारलं, मावशी, खरं सांगा, कशी वाटली?

शेवाळ्या त्यांना फार आवडलाय. हडळ तर आपल्यातलीच वाटते. मुंज्याला तेवढा पास कर म्हणाल्या. मग भाताचा घास हातात तसाच धरून त्या विचार करत राहिल्या.

"पन त्यो अनंत बरोबर नाय जमला. समोर एवरं प्रेम करनारं मानूस, शेजारपाजाऱ्यांना सगलं ठावं, आन याला वाटतंय कोनाला कायच म्हाईत नाय. एवरा येडा मानूस खरा आसतो का कुटं?"

योगेशला ठसका लागला. मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि मावशींना म्हणालो, "नाही हो. तो संपूर्ण काल्पनिक आहे."