तूळ राशीतला दगड

शाळेत मी विज्ञान शिकवत असे. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लघुग्रहांचा पट्टा आहे, हे वाक्य मी इतक्या वर्गांना फळ्यावर लिहून दिलं, की झोपेतही ते माझ्या हातून शुद्ध उतरलं असतं. त्यातला एकही लघुग्रह मी स्वतः पाहिलेला नव्हता. मुलांनीही कधी विचारलं नाही. एका गुणाच्या रिकाम्या जागेसाठी इतकी चौकशी कोण करतं?

निवृत्तीनंतर आचऱ्याला थोरल्या भावाकडे राहायला आलो. जुन्या विद्यार्थ्यांनी भेट दिलेली गळ्यात अडकवायची दुर्बीण सोबत होती. मध्यंतरी एका वैशाखात वाचलं, की वेस्टा नावाचा लघुग्रह तूळ राशीत आलाय आणि साध्या दुर्बिणीतूनही दिसेल. मालवणात जाऊन नकाशा छापून आणला आणि जेवण झाल्यावर किनाऱ्याकडे निघालो. दादाही मागोमाग आला. त्याने जन्मभर मासेमारी केली. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्याची होडी वाळूवर पालथी पडून आहे. तिच्यावर कोपरं टेकली की दुर्बीण हलत नाही.

“काय शोधतंस?”

“दगड.”

दादाने पायाखाली बघितलं. “हय काय कमी आसत?”

“आकाशातलो, दादा. सूर्याभोवती फिरता. आचऱ्यापासून जवळजवळ सुरतेपर्यंत पसारो आसा तेचो.”

“आणि दिसता केवढो?”

“ठिपक्याएवढो.”

“एवढो मोठो आसान ठिपको? मागच्या बाकार बसणारो दिसता.”

मी मास्तरी आवाजात समजावलं. तो इतर ताऱ्यांसारखाच दिसतो. फरक एवढाच, की तारे जागच्या जागी राहतात आणि हा रोज थोडा सरकतो. म्हणून आज सगळे ठिपके कागदावर काढायचे आणि उद्या ताडून बघायचं. मी ठिपके काढले आणि नकाशावरून ठरवून एकाभोवती लाल गोल केला. दादा म्हणाला, “बघूया तरी,” आणि दुर्बीण घेऊन इतका वेळ बघत बसला, की मला डास चावायला लागले. शेवटी “बरा आसा” एवढंच बोलून त्याने ती परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी दुर्बीण लावली, कागद वर धरला आणि जाहीर केलं, “हललो! जरासो, पण हललो.”

दादाने दुर्बीण मागितली. वाळूत बसून, होडीला पाठ टेकून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “तुझो दगड थंयच आसा. हललो तो हो, वरचो.”

“वरचो साधो तारो, दादा.”

“काल तो आणि हे दोन एका रेषेत होते. आज तो रेषेच्या भायर गेलो.”

मी हवेमुळे प्रकाश कसा वाकतो ते सांगायला सुरुवात केली. त्याने पाच मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं.

“झाला? आता माझा आयक. दर्यात डोंगर आणि देवळाचो कळस एका रेषेत धरून मी जाळां घातलंय. रेष मोडली की माका कळता. तू कागद वाकडो धरलंस.”

कागद खरोखरच वाकडा होता. टॉर्चच्या उजेडात तो सरळ केला, तर माझा लाल गोल कालच्याच ठिकाणी मुकाट बसलेला. नकाशा परत नीट पाहिला, तर मी शेजारचाच ठिपका धरला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बघितलं. वरचा ठिपका आणखी सरकला होता, बाकी सगळे जागेवर. इतकी वर्षं ज्याचं नुसतं वाक्य लिहून देत होतो, तो खरोखर तिथे होता आणि चालत होता. दादाला मी तसं सांगितलं.

“बरा झाला,” तो म्हणाला. “आता तुझ्या पोरांक कळव. मास्तर चुकलो, मासेमार बरोबर.”

घरी वहिनी दारातच उभी होती. “दोन म्हातारे रोज राती किनाऱ्यार जातत, लोक काय म्हणतले?”

“म्हणांदेत,” दादा म्हणाला. “दगड गावलो.”

त्या आठवड्यात मासळीच्या लिलावाला जमलेल्या प्रत्येकाला त्याने ही हकिगत सांगितली. त्याच्या सांगण्यात रोज ठिपका थोडा बारीक होत गेला आणि दादाची नजर थोडी तीक्ष्ण. कुणीतरी विचारलं, “आणि मास्तर काय करी होते?”

“मास्तर? तेणी कागद धरलो.”

मी तिथेच उभा होतो. कागदाचं तरी तो खरं तेच सांगत होता.

पुढे आभाळ भरून यायला लागलं. एका रात्री जेवणानंतर दादा अंगणात जाऊन दोनदा वर बघून आला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा मी म्हटलं, “आज कायच दिसाचा नाय, दादा.”

“माका ठावक आसा,” असं म्हणून त्याने खुंटीवरची दुर्बीण गळ्यात अडकवली आणि तो किनाऱ्याच्या वाटेला लागला.