भोक पाडलेलं कार्ड

हौसराव येतायत हे आळीला आधी कानांनी कळायचं, मग डोळ्यांनी. कमरेच्या करदोड्याला किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत लोंबत असायचा. ट्रॅक्टरची किल्ली, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची, कपाटाची, धान्याच्या खोलीची, शिवाय कुलपं केव्हाच भंगारात गेलेल्या काही अनाथ किल्ल्या. माणूस एका जागी ठरायचा नाही. जेवता जेवता उठून कपाट ओढून बघणार, झोपेत कूस बदलली तरी जुडगा चाचपणार.

"यम आला तरी म्हणतील, थांब, कुलूप लावून येतो," असं त्यांची बायको सारजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

अशा माणसाच्या दारात बिनकिल्लीची गाडी आली.

गाडी विजेवरची. एकुलती एक लेक शितल रांजणगावच्या कंपनीत कामाला, तिच्याच हट्टानं घेतलेली. शोरूममधल्या पोरानं हातावर दोन कार्डं ठेवली. "आप्पा, हे गाडीच्या दोन दारांमधल्या खांबाला टेकवायचं, गाडी उघडते. नाहीतर मोबाईलवर घ्या. मोबाईल खिशात असला की जवळ गेल्यावर आपोआप उघडते, लांब गेलात की आपोआप बंद." हौसरावांचा मोबाईल बटणांचा. म्हणून मोबाईलमधली किल्ली शितलच्या फोनात गेली आणि कार्डं हौसरावांच्या हातात राहिली.

"ह्याला वाजायला काय हाय?" त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं. "आन् बांधायचं कुठं?"

"पाकिटात ठेवा की, आबा," शितल म्हणाली.

"पाकीट ही किल्ली ठेवायची जागा हाय व्हय?"

कार्ड बंडीच्या खिशातून टोपीत गेलं, टोपीतून देव्हाऱ्यात, तिथून पुन्हा बंडीत. हात कमरेला जायचा, जुडगा लागायचा, पण गाडी काही त्यात नसायची. जीव थाऱ्यावर राहीना. त्यात शितलचं लग्न तोंडावर आलेलं. पाटसचं स्थळ, मुलगा मल्हार, हसरा, मोकळा. हौसरावांनी सोयऱ्यांपुढं छातीवर हात मारून सांगितलं होतं, "पोरगी माझ्या गाडीतनं जाईल, आन् गाडी मी चालवीन."

"अवं, बाप कुठं पोरीमागं सासरी जातो का?" सारजाबाई म्हणाली.

"बाप घरी ऱ्हाईल. ड्रायव्हर जाईल."

पोर निघाल्यावर दारात उभं राहून बघत बसणं ह्या माणसाला झेपणार नाही, हे सारजाबाईला ठाऊक होतं. पाटसपर्यंतचा तेवढा रस्ता तरी त्यांना हवा होता.

लग्नाच्या सकाळी मांडवात ही गर्दी. आचारी, वाजंत्री, पाहुणे, पाहुण्यांची पोरं. ह्या गलक्यात कार्ड हरवलं म्हणजे? हौसराव स्वयंपाकघरात शिरले, गॅसवर खिळा तापवला, भोकं सारखी पडावीत म्हणून दोन्ही कार्डं एकावर एक धरली आणि कोपऱ्यातून चर्रकन खिळा आरपार घातला. एक कार्ड जुडग्यात ओवलं, दुसरं दारामागच्या खुंटीला. करदोडा ओढून बघितला. पक्का. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी बसून चहा प्यायला.

दुपार कलली आणि पाठवणी निघाली. गाडीला झेंडूच्या माळा, पुढच्या चाकाखाली नारळ. उंबऱ्यापाशी बायका शितलच्या गळ्यात पडून रडत होत्या. हौसराव डोळे कोरडे ठेवून ऐटीत पुढं झाले, जुडगा सोडवला, कार्ड खांबाला टेकवलं.

काही नाही.

उलटं करून टेकवलं. पायजम्याला पुसून टेकवलं. घासलं. गाडी ढिम्म.

"हौसराव, नारळ चाकाखालचा काढा आन् तिच्या पुढं फोडा," भावकीतला गेणबा म्हणाला. "रुसली असंल."

"गप रं, गेणबा!"

पळत जाऊन खुंटीवरचं दुसरं कार्ड आणलं. तेही मुकं. बायकांचं रडणं मधेच अडकलं, पुन्हा सुरू करावं की नको ते कुणालाच कळेना. वाजंत्रीवाल्यांनी तोच तुकडा परत घेतला. मल्हारचा मामा घसा खाकरून म्हणाला, "आप्पा, आमची बस हाय की. नवरीला बसमधी बसवू. तुम्ही कशाला तरास घेता?"

हौसरावांच्या कानशिलावरून घाम ओघळला. पोर बसनं जाणार आणि आपण इथं दारात उभं राहणार. त्यांनी दाराची मूठ जोरानं ओढली. नुसता झेंडू गळला.

"आबा," शेल्याआडून शितलचा आवाज आला, "कार्डाला भोक कुणी पाडलं?"

"मीच. बांधायला."

"अवो, त्याच्या कडंकडंनं आत बारीक तार फिरलेली असती. ती तुटली. दुसऱ्यालाबी पाडलं?"

"जोडीनंच पाडली."

आधी गेणबा फुटला, मग सगळा मांडव. शितल रडता रडता हसायला लागली आणि मोबाईल ठेवलेली पर्स काखेत धरून गाडीकडं आली. ती जवळ येताच गाडीनं दिवे मिचकावले, मिटलेले आरसे उघडले.

"बसा, आबा."

चाकाखाली नारळ फुटला. भीमेचा पूल मागं पडला. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हळूहळू निघाली. एरवी इंजिनाच्या घरघरीत मागचा हुंदका बुडून गेला असता. ह्या गाडीत श्वाससुद्धा ऐकू येत होता. हौसराव एका हातानं जुडगा खुळखुळवत राहिले.

पाटसला शितल माप ओलांडून आत गेली, आणि बाहेर गाडीचे आरसे मिटले. खट्ट.

चहा झाला, पान झालं. हौसराव अंगणात येरझाऱ्या घालत होते. "मुक्काम करा की," मल्हारचा मामा म्हणाला. "लेकीच्या घरी? न्हाई." पण जायचं कसं? किल्ली आत, आणि माप ओलांडून आत गेलेल्या पोरीला लगेच बाहेर कोणत्या तोंडानं बोलवायचं? दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन ते परत फिरले.

शेवटी तीच आली. मागं मल्हार.

"आबा, माझा फोन घेऊन जावा. पाचव्या दिवशी पाचपरतावनाला माहेरी येईन तवा घेईन."

"आबा, न्या खुशाल," मल्हार म्हणाला. "माझ्या फोनवरनं बोलंल की ती."

हौसरावांनी फोन घेतला. जुडग्याशेजारी धरून बघितला. मग परत तिच्या हातात दिला.

"नको. नवं घर हाय. मन भरून आलं, आईशी बोलावं वाटलं, तर कुणाकडं मागत बसशील? तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

शितलनं फोन मुठीत धरला. मग म्हणाली, "चालू करून देती. एकदा चालू झाली की फोन नसला तरी चालती, नुसती बोंबलती. माझ्याकडनं झालं होतं मागं. पण आबा, घरी पोचंपर्यंत दार उघडायचं न्हाई. दार उघडलं की बंद, मग जागची हलायची न्हाई."

"म्हंजी कुठं उतरायचं न्हाई?"

"न्हाई. जमंल?"

"मला इचारती?"

ते बसले. शितलनं बाहेरून दार लावलं. आता ती दारात उभी होती आणि जाणारे ते होते.

चौकात ओळखीच्यांनी हात केला, हौसरावांनी नुसती मान हलवली. पुलावर उतरून भीमेला हात जोडायची सवय, ते आत बसूनच जोडले. समोरच्या पडद्यावर किल्लीचं चित्र लाल होऊन लुकलुकत होतं, किल्ली सापडत नाही म्हणून गाडी सारखी टुंग टुंग करत होती.

"मलाबी न्हाई सापडत गं," ते गाडीला म्हणाले.

दारात पोचले तेव्हा मांडव उतरत होता. सारजाबाई काचेशी आली. त्यांनी काच खाली केली, दार नाही.

"उतरा की."

"उतरलो की ही बंद. पोरगी आल्याबिगर हलायची न्हाई."

"मग? पाचपरतावनापतोर आतच बसून ऱ्हाणार?"

सारजाबाईनं खिडकीतून हात आत घातला. "बरं, जुडगा द्या इकडं. आहेराची भांडी कपाटात टाकायचीत."

एरवी ते स्वतः उठून गेले असते. त्या दिवशी त्यांनी करदोड्याची गाठ सोडली आणि सगळा जुडगा, भोकाच्या कार्डासकट, तिच्या हातावर ठेवला.

ती आत गेली. हौसराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. किल्लीचं लाल चित्र बघत. मग त्यांनी दार उघडलं.

कपाटापुढं जुडगा घेऊन बसलेल्या सारजाबाईनं मान वळवली आणि ती दचकलीच.

"आगं बया! कवा आलात?"