पास केलेली साखळी

"रंग सोड. आत काय आहे ते सांग."

असं म्हणून काकू नवी साखळी पाकिटातून काढायच्या आणि एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर हळूहळू सोडायच्या. मान कलती, डोळे मिटलेले. कडीवर कडी पडताना होणारा आवाज त्या ऐकत असायच्या. तुम्ही त्या वेळी गोदामात शिरला असतात तर तुम्हाला वाटलं असतं, या बाई तांदूळ घ्यायला आल्या आहेत आणि दुकानदारावर त्यांचा काडीचा भरवसा नाही.

साखळी म्हणजे गाडी ओढायची. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून नेतात ना, ती. चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, परदेशातून गाड्यांचं सामान मागवून विकणाऱ्या एका फर्ममध्ये काकू माल तपासायच्या. मी त्या मालाची वर्णनं लिहायचे, ऑनलाइन विक्रीसाठी. माझा नवरा सेक्टर ३९ मधल्या संस्थेत संशोधन करत होता आणि मला घरात बसवत नव्हतं, म्हणून ही नोकरी. पहिल्याच दिवशी मी 'अत्यंत मजबूत साखळी' असं लिहिलं. माझ्या खुर्चीमागून आवाज आला, "तू ओढून बघितलीस काय गं?"

ऑफिसात मराठी! मी दचकलेच. म्हटलं, "नाही."

"मग मजबूत कशावरून? लाल आहे ना? लाल लिही की. दोन्ही टोकांना हूक आहेत, ते लिही."

पुढं माझी वर्णनं इतकी सरळ झाली की एकदा मालकांनी विचारलं, "बेटा, तू माल बेच रही है या गवाही दे रही है?"

काकू कोल्हापूरच्या. धातुशास्त्राचा डिप्लोमा करून त्यांनी तिथल्या एका फाउंड्रीत काही वर्षं काढली होती, पुरुषांच्या घोळक्यात एकट्या. साखळी हातात आली की त्या आधी प्रत्येक कडीचा सांधा बघायच्या, मग नखाने मुलामा खरवडायच्या, कारण चकचकीत मुलाम्याखाली चीर लपते. कडीवर बनवणाऱ्याची खूण उमटवलेली आहे का, हे भिंगातून शोधायच्या. पाकिटावर लिहिलेला आकडा त्या वाचायच्या आणि हसायच्या. "हा आकडा साखळी किती ओढेल त्याचा नाही, किती वजनाला तुटेल त्याचा आहे. म्हणजे माणूस किती खाऊन मरेल ते सांगायचं आणि म्हणायचं, जेवा!"

शेवटी गोदामाच्या मागच्या बाजूला, लोखंडी जाळीआड, साखळी यंत्राला लावून ताणायची. मला त्या जाळीपासून लांब उभं करायच्या. "चांगली साखळी तुटायच्या आधी लांबते. आपल्याला कळतं, आता पुरे. वाईट साखळी काहीच सांगत नाही. एकदम तुटते आणि मागच्या गाडीच्या काचेत शिरते. काचेमागं कोण बसलंय, तिला काय ठाऊक."

काकूंचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. बदली होऊन इथं आले आणि इथंच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला, "बरं." पण त्या एका शब्दात त्यांनी सगळं बसवलं होतं. भाजी खारट झाली की "बरं" कपाळाला आठ्या घालून. मी गेले की "बरं?" म्हणजे कशी आहेस. काकू ऑफिसला निघाल्या की एक लांबलेलं "बरं...", ते ऐकून काकू दारातून परत फिरायच्या आणि त्यांच्या अंगावरची शाल उगाचच सारखी करायच्या.

आता मालकांविषयी सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय काकूंची गोष्ट सांगता येत नाही. तुम्ही मनात जो मालक उभा करत असाल तो पुसून टाका. हा माणूस चांगला होता. झटका आला त्या आठवड्यात सरकारी घर सोडायची वेळ काकूंवर येणार हे त्यांना कुणाकडून तरी कळलं, आणि ओळख नसताना त्यांनी स्वतःच्या कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, तळमजला दिला. बाई शिकलेल्या आहेत असं समजलं, तेव्हा नोकरी दिली. दुपारी घरी जाऊन नवऱ्याला भरवून यायची मुभा दिली. दवाखान्याच्या प्रत्येक तारखेला स्वतः गाडी चालवत न्यायचे. राखीच्या दिवशी काकूंसमोर हात पुढं करून बसायचे. काकू त्यांना 'वीरजी', म्हणजे भाऊ, म्हणायच्या, कोल्हापुरी हेल काढून; ते काकूंना 'दीदी' आणि यजमानांना 'जीजाजी'.

"इतकं कोण करतं गं परक्या गावात?" काकू म्हणायच्या. म्हणताना त्यांचा चेहरा मात्र मोकळा नसायचा. घर मालकांचं, नोकरी त्यांची, गाडी त्यांची. पुण्याला मुलगी होती, पण तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोल्हापूरचं घर दिरांच्या वाटणीत गेलेलं. काकूंना जायला दुसरी जागाच नव्हती, आणि ते सगळ्यांत जास्त त्यांनाच माहीत होतं.

एका हिवाळ्याच्या तोंडाशी लाल साखळ्यांचा मोठा माल आला. बर्फ पडलं की इथून सगळे गाड्या काढून डोंगरात जातात, त्या आधी अशा साखळ्या हातोहात खपतात. काकूंनी पहिली साखळी यंत्राला लावली आणि ती सांध्यात फाटली. लांबली नाही, काही नाही. फट्‌ असा आवाज आला आणि जाळी थरथरली. काकूंनी दुसऱ्या खोक्यातली काढली, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी तेच. त्यांनी मालकांना जाऊन सांगितलं, "वीरजी, ये नहीं जाएगा."

"दीदी, कार ही तो खींचनी है, पहाड़ थोड़े ही."

"कार में लोग बैठते हैं."

मालक हसले, "ठीक है जी" म्हणाले. काही दिवसांनी खोकी दिसेनाशी झाली. माल परत गेला, असं काकू समजल्या.

मग एका रविवारी आम्ही दोघी मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये गेलो होतो, माझ्या स्कूटरचा आरसा बदलायला. एका दुकानाच्या दारात लाल साखळ्या झेंडूच्या माळांसारख्या लटकत होत्या. पाकीट निराळं, नाव निराळं. काकूंनी एक हातात घेतली, दोन तळहातांमधून सोडली, आणि परत अडकवली. आरसा न बसवताच आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी त्या मालकांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं, माझं टेबल समोरच.

"वीरजी, वो माल मार्केट में है."

"वो अब हमारा माल नहीं है, दीदी. जिसने लिया, वो जाने." मालकांनी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला आणि अगदी मायेनं विचारलं, "जीजाजी की दवाई आ गई? नहीं तो मैं लड़के को भेज दूँ?"

काकू बाहेर आल्या त्या थेट गच्चीवर गेल्या. मी मागोमाग. समोर कारखान्यांची पत्र्याची छपरं, त्यांवर धुरकट ऊन. त्या कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "ती धमकी होती की काळजी, मला अजून कळत नाही. धमकी असती तर बरं झालं असतं गं. उत्तर देता आलं असतं."

त्यानंतर काकू रोजचं वर्तमानपत्र अपघाताच्या पानापासून वाचायला लागल्या. हिमाचलातली बातमी असली की दोनदा. "साखळीचं नाव बातमीत कधीच येत नाही," एवढंच म्हणायच्या. रस्त्यात कॅरियरवर सामान बांधलेली, पोरंबाळं भरलेली गाडी दिसली की त्यांची नजर आधी डिकीकडं जायची.

जानेवारीत यजमानांची दवाखान्याची तारीख आली. सकाळी धुकं असं, की चौकातलं गोल उद्यानसुद्धा दिसत नव्हतं. मालक गाडी चालवत होते, शेजारी यजमान, मागं आम्ही दोघी. तिथं रांगेत उभं राहायला कुणीतरी लागतं म्हणून मी गेले होते. चौकात वळताना गाडी बंद पडली, आणि काही केल्या सुरू होईना. मागून येणारी वाहनं अगदी जवळ आल्यावर धुक्यातून उमटत होती आणि हॉर्न मारत बाजूनं निघून जात होती. यजमानांना उतरवणं सोपं नव्हतं. त्यांना गाडीत बसवायलाच सगळ्यांची दमछाक झालेली. मालकांनी फोन केला, फर्मचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं सीटखालून एक कोरं पाकीट काढलं आणि दातांनी फाडलं. लाल साखळी.

काकू दार उघडून रस्त्यात उतरल्या. "ये नहीं."

ड्रायव्हर गोंधळला. "मॅडमजी, नई है."

"ये नहीं लगेगी. मेरा आदमी बैठा है अंदर."

ड्रायव्हरनं मालकांकडं पाहिलं. मालकांनी डिकी उघडली, स्टेपनीखाली हात घातला आणि पोत्यात गुंडाळलेली एक काळी, तेल लावलेली साखळी बाहेर काढली. जाड कड्या, कडीवर खूण उमटवलेली. काकूंच्या हातात ती देत ते म्हणाले, "आपकी ही पास की हुई है, दीदी. पहले वाले माल की. अपनी गाड़ी में तो मैं यही रखता हूँ."

त्यांच्या आवाजात शरम नव्हती. उलट, आपण दीदीची केवढी कदर करतो हे दाखवल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. काकू ती साखळी धरून तशाच उभ्या राहिल्या. गाडीतून आवाज आला, "बरं?" तेव्हा त्या भानावर आल्या.

संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर काकू मला म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं."

पुढचे काही महिने आम्ही घर शोधलं. तळमजला हवा, भाडं झेपेल असं हवं, आणि आजारी माणूस चालेल असा घरमालक हवा. सेक्टरांमागून सेक्टर पालथे घातले. "फॅमिली में कौन-कौन है जी?" इथपर्यंत सगळे गोड बोलायचे. नोकरीसाठीही काकू दोन-तीन ठिकाणी जाऊन आल्या. त्यांच्या वयाकडं बघून लोकांनी पाणी विचारलं, काम विचारलं नाही.

एक दिवस त्यांनी मुलीला फोन केला. मी तिथंच होते. "आम्ही येतो," त्या म्हणाल्या. पलीकडून जिन्याचं काहीतरी विचारलं गेलं असावं. "उचलून न्यायचं. एकदाच तर न्यायचं आहे." हे म्हणताना त्यांनी यजमानांकडं पाठ केली होती. तिसऱ्या मजल्यावर चढवलेला तो माणूस पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता. यजमान खिडकीतून अंगणातल्या उन्हाकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांनीच म्हटलं, "बरं." त्यात आठी नव्हती.

राजीनामा देण्याआधी काकूंनी संबंधित खात्याकडं स्वतःच्या नावानं तक्रार केली. तक्रार केल्याचं मालकांना त्यांनीच जाऊन सांगितलं, तोंडावर. काही माणसं येऊन गोदाम बघून गेली. तिथं आता लाल काहीच नव्हतं. मोटर मार्केटमधल्या माळाही उतरल्या. काकू गेल्यावर, उन्हाळ्यात, तिथंच पिवळ्या साखळ्या लटकलेल्या मी पाहिल्या. त्या कुठल्या, कशा, सांगणारं आता कुणी नव्हतं.

निघायच्या दिवशी मालक स्टेशनवर येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले. हातात पराठ्यांचा डबा, डोळे लाल. हमालांना बाजूला सारून त्यांनी स्वतः यजमानांच्या काखेत हात घातला, कारण दुखरा खांदा कुठला, मान कुठं धरायची, हे काकूंखालोखाल त्यांनाच ठाऊक होतं. "सँभालके, वीरजी," काकूंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मालकांनी जीजाजींना बर्थवर टेकवलं, पायांवर पांघरूण घातलं. खाली चाकांची खुर्ची उभी होती, त्यांनीच कधीतरी आणून दिलेली. ती चढवायला ते वळले तेव्हा काकू म्हणाल्या, "रहने दीजिए. वहाँ सीढ़ियाँ हैं."

गाडी हलली. काकूंनी हात जोडले; मला की त्यांना, ते समजलं नाही. शेवटचा डबा निघून गेल्यावर मालक माझ्याकडं वळले. "इतना क्या हो गया था? भाई से एक बार कह तो देती."

"कहा था, सरजी," मी म्हटलं.

त्यांनी खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ती बाहेरच्या बाजूला ढकलत निघाले. प्लॅटफॉर्मवर जागोजागी फरशी उखडलेली होती. रिकामी खुर्ची ते एकेक खड्डा चुकवत, अगदी जपून नेत होते.