सारिका मॅडमचा समानतेचा तास

सारिका मॅडम राहू गावच्या. झेंडू तोडून मग शाळेला जाणारी पोर शिरूरजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली. चादरीला सुरकुती दिसली की अख्खी खाट पुन्हा लावायला लावायची. मी तिथं शिपाई, खाटा ओढायचो. मॅडमच्या कामात कसर नव्हती.

कॉलेजनं त्यांना सांगितलं, जात बघून रुग्णांना वाईट वागवतात, त्यावर तास घ्या. मॅडमनी खूप वाचलं. पण नुसतं वाचून दाखवलेलं पोरींना भिडणार नाही, असं त्यांना वाटलं.

वर्गात प्रांजल भोसले होती. आडनावावरून सगळ्या तिला मराठा समजायच्या. पारध्यांतही भोसले असतात. तिनं सांगितलं नव्हतं. मॅडमना प्रवेशाच्या कागदांवरून ठाऊक होतं. तासाला त्यांनी तिला उभं केलं.

"प्रांजल, तू पारधी समाजातली. दवाखान्यात तुमच्या लोकांना कसं वागवतात, सांग. लाजायचं नाही."

प्रांजल वही मिटून खाली बसली. मॅडमनी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

संध्याकाळी होस्टेलच्या कपाटांना कुलपं लागली.

"हिला पाटलीण म्हणत होतो गं!" वर्गातली धनश्री म्हणाली. "चेन सांभाळा आता." सगळ्या हसल्या.

मग धनश्रीचा मोबाइल दिसेना. प्रांजलची पेटी अंगणात ओतली. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस कॉलेजात आलेच नाहीत. सरळ वडगाव रासाईकडच्या पारधी वस्तीवर जाऊन तिच्या भावाला उचललं. मोबाइल धनश्रीच्याच गादीखाली निघाला. भाऊ सुटला, तो एका कानानं बहिरा होऊन.

प्रांजल घरी निघून गेली. परीक्षा तोंडावर होती; बसली नाही तर वर्ष बुडणार. मॅडम तिला आणायला गेल्या. वस्ती मला माहीत, म्हणून मला सोबत नेलं.

प्रांजल भावाच्या कानात औषधाचे थेंब घालत होती. उठली नाही.

"तुझ्या चांगल्यासाठीच केलं गं मी."

"मला इचारलं व्हतं का?"

"चुकलं माझं. चल, परीक्षा दे. पोरींना मी समजावते."

तेवढ्यात तिच्या आईनं, धुरपदानं, चहाचा कप पुढं केला. "घ्या मॅडम."

मॅडमनी कपाकडं बघितलं. "नको मावशी, आत्ताच झाला."

आम्ही सकाळपासून काही घेतलं नव्हतं.

"ह्ये शिकवा तुमच्या तासाला," प्रांजल म्हणाली.

मॅडमचा चेहरा उतरला. "द्या मावशी, घेते."

धुरपदानं चहा त्यांच्या देखत मातीत ओतला.

प्रांजल परीक्षेला बसली नाही. आता मॅडम तो तास आपल्या घरापासून सुरू करतात. राहूच्या मळ्यात पारधी राखणदार होता. त्याचा कप गोठ्यात, खुंटीला टांगलेला असायचा. मग वस्तीवर नाकारलेल्या चहाचं सांगतात.

परवा एकीनं विचारलं, "मॅडम, त्या मुलीचं पुढं काय झालं?"

"कांदे काढायला जाते," मॅडम म्हणाल्या.