बघून सांग, हात लावून सांग

"गॅस?"

"बंद."

"बघून सांग. हात लावून सांग."

सुकापूरच्या आमच्या मजल्यावर रोज सकाळी हे चालायचं. समोरचे काका काकूंना घेऊन फिरायला निघाले की बूट घालून दारात उभे राहायचे आणि यादी सुरू. गॅस, गीझर, नळ, समई. काकू चप्पल शोधता शोधता हॉलमधूनच "बंद" म्हणाल्या, तर काका आवाजावरून ओळखायचे आणि पुन्हा पहिल्यापासून! आम्ही दाराआड हसायचो. तुम्हीही हसला असता.

काका जम्बो विमानात फ्लाइट इंजिनियर होते. पुढे दोन पायलट, आणि त्यांच्यामागे एका बाजूला तोंड करून हे, समोर भिंतभर काटे. कुठल्या टाकीतलं इंधन कुठल्या इंजिनाला द्यायचं, कुठलं इंजिन तापतंय, सगळं यांच्याकडे. उतरण्याआधी यादी हेच वाचायचे आणि समोरच्याने बघून, हात लावूनच उत्तर द्यायचं. पुढे कॉम्प्युटर आले आणि ती खुर्चीच गेली. जवळच्या नव्या विमानतळावर चाचणीचं विमान उतरलं तेव्हा अख्खी सोसायटी गच्चीत, काका घरात पेपर वाचत. "दोघंच तर आहेत आत. बघायचं काय त्यात?"

मग काकू विसरायला लागल्या. एकदा "बंद" म्हणाल्या आणि दोघं बाजारातून परत येईपर्यंत दुधाचा कोळसा झाला, जिन्यात धूर. मुलगा परदेशात. तो फोनवर म्हणाला, आईला उरणकडच्या, विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू. काका अडून बसले. शेवटी ठरलं की संस्थेचे डॉक्टर पंधरा दिवसांनी घरी येऊन काकूंना बघतील आणि ते म्हणतील तसं करायचं.

ते पंधरा दिवस काकांनी जी तयारी करून घेतली, बाई गं! "हात लाव. चुकलीस. पुन्हा." त्यांची कामवाली मला म्हणाली, "काकी रडतात नुसत्या. आमी बोललो तर आमालाच ओरडतात. माणूस हाय का कोण हाय?"

एका संध्याकाळी काकूंनी बटणाऐवजी तापलेल्या बर्नरलाच हात लावला. किंकाळी ऐकून मी धावले.

"काका, लाज नाही वाटत? आजारी आहे ती!"

"आजारी नाही. न बघता बोलते." मग आवाज एकदम खाली आला. "चुकली तर घेऊन जातील गं तिला."

मी बर्फ लावला, पट्टी बांधली आणि घरी निघून आले. खोटं कशाला बोलू, पास होतील असं मलाही वाटत होतं.

डॉक्टर आले त्या दिवशी काकांनी मलाही बोलावलं. "मी विचारतो, तुम्ही बघा," ते डॉक्टरांना म्हणाले. गॅस? काकू उठल्या, बटणाला हात लावला, बंद. गीझर? बंद. नळ? बंद. एकही चूक नाही. काकांची मान ताठ झाली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

डॉक्टर हसले आणि काकांकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि आजी, हे कोण?"

काकू उठल्या. काकांकडे नीट बघितलं. पट्टी बांधलेला हात त्यांच्या छातीवर ठेवला.

"बंद," म्हणाल्या, आणि शाबासकीसाठी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"बरोबर," काका म्हणाले, आणि आत जाऊन काकूंची बॅग भरायला लागले.