नऊ नंबर हिरवा आहे

“दवंडी द्यायचं काम तुमच्याच घरात होतं ना? मग भोंगा चांगला की वाईट, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? करा सही.”

खंडाळ्याच्या एका हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर, आमच्या खात्याचे मुख्य अभियंता हे बोलले. माझ्यासमोर स्वीकृतीचा दाखला होता. आजूबाजूला कंपनीची माणसं, आमचे तीन अधिकारी. सगळे हसले. एकाने चमच्याने ताटावर ठेका धरला.

मीही हसलो. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे मी स्वतःला बरा दाखवायला बघेन.

आज्याने दवंडी दिली, हे खरं आहे. गळ्यात हलगी, देवळाच्या बाहेर उभं राहून. छप्पन साली वडलांनी धम्म घेतला आणि ती हलगी मोडून चुलीत घातली. मी शिकलो. अभियंता झालो. त्या टेबलावर साहेबांनी ती परत माझ्या गळ्यात अडकवली आणि मी मान पुढे केली.

काम असं होतं. कुरवंड्याच्या बाजूला एका उताराखाली वाडी आहे. डोंगर सरकायला लागला तर तिला आधी कळावं म्हणून खात्याने मोठी यंत्रणा विकत घेतली. उतारावर एकवीस खांब, प्रत्येकात जमिनीची हालचाल मोजणारं उपकरण. लोणावळ्यात नियंत्रण कक्ष. वाडीत भोंगा. आणि हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर. निविदेच्या अटी मी लिहिल्या. कंपनीने यंत्रणा तयार करून बसवली. तपासायचीही मीच होती.

त्या जेवणाच्या आदल्या दिवशी मी तपासणी म्हणून नवव्या खांबाची वायर उपटली आणि कक्षात फोन लावला. उत्तर आलं, नऊ नंबर हिरवा. हालचाल शून्य.

कंपनीच्या इंजिनिअर बाईंना विचारलं. त्यांनी माझंच पान माझ्यापुढे धरलं.

“सर, तुमची अट आहे. ‘माहिती प्राप्त न झाल्यास निरंक दर्शवावे.’ निरंक म्हणजे शून्यच ना? आम्ही शून्य टाकलं.”

आमच्या कचेरीत तक्त्याचा रकाना रिकामा सोडत नाहीत. सांगण्यासारखं काही नसलं की निरंक लिहायचं. तीस वर्षं मी तो शब्द डोळे मिटून लिहिला होता. कागदावर खपून जातं. डोंगरावर शून्य म्हणजे सगळं ठीक. मेलेला खांब आणि शांत डोंगर, दोन्ही पडद्यावर एकसारखे हिरवे.

जेवताना मी साहेबांना हे सांगितलं. सॉफ्टवेअर बदलायला दोन महिने लागतील, दाखला थांबवा म्हणालो. उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. तेव्हा ते दवंडीचं वाक्य आलं. मग, माझ्याकडे झुकून, हळू आवाजात दुसरं.

“अट तुमची, चूक तुमची. गोपनीय अहवाल मी लिहितो. कोट्यातून आलेला माणूस म्हणून इतकी वर्षं सांभाळून घेतलं तुम्हाला.”

दाखल्यात ‘त्रुटी’ असा रकाना होता. मी लिहिलं, निरंक. सही केली.

बढती मिळाली. निवृत्त झालो. बारा पावसाळे डोंगर जागेवर राहिला आणि त्याचं श्रेय यंत्रणेला गेलं.

यंदा पावसाच्या तोंडावर खात्यातला एक अधिकारी घरी आला. नवा माणूस, बोलायला गोड. हीच यंत्रणा, हेच सॉफ्टवेअर मावळातल्या आणखी डोंगरांवर बसवायचं चाललं आहे.

“सर, एकच ओळ हवी. पहिला टप्पा समाधानकारक. तुमच्या दाखल्यावरच पुढची निविदा उभी आहे.”

चार दिवसांनी सांगतो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा.

अकरा घरं. पहिल्याच घरी एक मावशी सूप घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, भोंग्याबद्दल काही तक्रार?

“तक्रार कशाची, भाऊ? लय ब्येस हाय. म्हयन्याला एकदा वाजवून बघत्यात. आता तर म्हशीबी दचकत न्हाईत.”

“आधी काय करायचात?”

“आदी झऱ्यावर नजर ठिवायची. पानी गढूळ झालं का पोरं उचलून पल्याडच्या माळावर जायचं. आता कोन जातंय वर? भोंगा हाय की.”

मी वर चढलो. नववा खांब आडवा कललेला, वायर तुटून गवतात पडलेली. त्याच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. तिथूनच कक्षात फोन लावला. माझ्या हाताखाली लागलेला ऑपरेटर अजून तिथे आहे.

“नऊ नंबर? हिरवा आहे, सर. एकदम शांत.”

खाली येऊन मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“चांगला हाय म्हून सही कुनाची?”

“माझी.”

त्यांनी वर उताराकडे बघितलं.

“मंग येवडी वर्सं तुमी व्हता कुटं?”

साहेबांनी ताटावर मला जे ऐकवलं, ते मी बारा वर्षं उराशी धरून बसलो होतो. माझा अपमान झाला, एवढंच मला आठवत होतं. त्या अपमानाच्या आडोशाला मी लपलो होतो, हे त्या बाईच्या ओट्यावर कळलं. मला हिणवलं त्यांनी. खोटं लिहिलं मी. साहेबांच्या अंगावर दगड पडणार नाहीत. माझ्याही नाहीत.

अधिकारी ठरल्या दिवशी आला. मी एक ओळ दिली नाही, चार पानं दिली. अट माझी, चूक माझी, दाखला खोटा, तो मी मागे घेतो, कारवाई करा. त्याने वाचलं.

“सर, या वयात कशाला? पेन्शन अडकेल.”

“अडकू दे.”

“हे वरपर्यंत पोचणारच नाही, सर.”

तो खरं बोलत असावा. म्हणून मी वाट बघत नाही. त्या चार पानांच्या अकरा प्रती काढल्या आहेत. बाहेर तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. मी आता निघतो आहे. प्रत्येक दारात उभा राहून पानं मोठ्याने वाचीन, शेवटी माझं नाव सांगेन, आणि आजच माळावर चला म्हणेन. कोणी शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. कोणी हात उगारला तरी पुढच्या दारात जाईन.