त्या रविवारी गावात एकही शेगडी लागली नाही

मी देगलूरला गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. शेगडी पेटत नसेल तर त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते बर्नरच्या भोकात अडकलेलं असतं. भूतखेत, संकेत वगैरे मंडळींशी माझा कधी संबंध आला नाही. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो...

आमचं गाव तिथून जवळच, तेलंगणाच्या हद्दीलगत. छोटंसं. एक रीत मात्र सगळे पाळतात – गावात मयत झाली की अंत्ययात्रा निघेपर्यंत कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. बौद्धवाडा, मुसलमानांची गल्ली, आमची आळी, सगळीकडे तेच.

थंडीतला रविवार होता. सकाळी आईची शेगडी लागेना. सिलिंडर भरलेला, गॅस येत होता, वारा नव्हता. काडी बर्नरजवळ नेली की विझायची. तेवढ्यात शेजारच्या शोभाकाकू आल्या. "आमची बी बघ रे, लई वेळ झालं, पेटून न्हाई राहिली." त्यांची मातीची चूलसुद्धा रॉकेल टाकून पेटेना. मग समोरचं घर, मग मागची गल्ली...

ओट्यावरची गंगूआजी म्हणाली, "मौत झाली असंल कुठंतरी. मान्सं बघा आधी."

मला हसूच आलं. पण लोक खरंच घरोघर फिरून आले. सगळे धडधाकट.

तेव्हा आई हळूच म्हणाली, "गणपत भावजीकडं कोन गेलं का?"

कुणीच गेलं नव्हतं. गणपतकाका म्हणजे वडिलांचे सख्खे भाऊ. बांधावरून वडिलांशी भांडण झालं तेव्हापासून ते शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरांच्या गोठ्यालगतच्या खोपटात, एकटेच राहायचे. गावानंही त्यांना हिशेबातून काढून टाकलं होतं. वडिलांनी तर त्या मातीत पाय न ठेवायची शपथ घेतली होती. त्यांनीच उठून चप्पल घातली आणि माझ्या गाडीवर मागे येऊन बसले.

काका बाजेवर होते. अंग केव्हाच गार पडलेलं. पण त्यांची चूल मात्र पेटलेली होती, वर चहा उकळत होता. आखाड्यावर दुसरं कुणी नव्हतं.

वडिलांनी आधी त्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. मग भावाचे पाय धरून रडले. मला म्हणाले, "घरी नेऊ. आपल्या दारातून उठंल त्यो."

तिरडी आमच्या दारातून निघाली, आणि शेगड्या पहिल्याच काडीत लागल्या. पुढच्या रविवारी मी आमची शेगडी पूर्ण खोलून बघितली. सगळं साफ होतं. कारण मला आजही सापडलेलं नाही.

आता कधी आईची शेगडी पटकन लागली नाही, की वडील हातातलं काम टाकून उठतात. मी म्हणतो, "दादा, बर्नर घाण झालाय." ते म्हणतात, "आसंल. मी मान्सं बघून येतो."

आणि ते गावातून नाही, आखाड्यांपासून सुरुवात करतात.